रिकाम्या जागेचं काय एवढं?

“माझ्याकडून हे पास होणार नाही,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठाण मांडून बसली.

ती सॉफ्टवेअर कंपनीची टेस्टर, तयार माल तपासणारी. तो मॅनेजर, शिवाय तिचा सख्खा धाकटा दीर. ऑफिसात ती त्याला सर म्हणे, घरी भावजी. दुसऱ्याच्या कामातलं कुसळ तिला बरोबर दिसे, म्हणून सगळे तिला कुसळबाई म्हणत. मुसळही ऑफिसात होतंच, पण मॅनेजरला तसं तोंडावर कोण म्हणणार?

भांडण एका एक्स्टेंशनवरून, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या पुरवणीवरून होतं. फाइलची जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून ते दोन्हींतला फरक दाखवायचं. दाखवायच्या तऱ्हा दोन. ‘ब’मध्ये एक स्पेस कमीजास्त झाली तरी लाल ठिपका, पान गोवर उठल्यासारखं दिसे. ‘अ’ मात्र मोकळ्या जागा जमेतच धरत नसे. पान कसं लख्ख. ग्राहकाला लख्ख आवडतं, असं मॅनेजरचं मत होतं आणि त्याची बढती त्या मतावर टांगलेली होती. पण टेस्टरचा निकाल हाती आल्याशिवाय ग्राहक माल उचलणार नव्हता.

एक स्पेस हलली की अख्खा प्रोग्राम कोसळू शकतो, हे तिने आठवडाभर सांगून पाहिलं. त्याने आधी तिला समजावलं, मग आईला मध्ये घातलं. सासूबाईंनी सुनेला घरातल्या घरात अडवणूक बरी नव्हे असं सुनावलं. भांडण स्पेसवरून आहे, असं तिने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, तो खोली मागत असेल तर देऊन टाक.

शेवटी त्याने हत्यार उपसलं. ऐकायचं नसेल तर सोमवारपासून पासवर्ड विसरलेल्यांचे फोन घ्यायला बसायचं.

“वहिनी, रिकाम्या जागेचं काय एवढं घेऊन बसलात?”

“रिकामी असली म्हणून फुकटची नसते, भावजी.”

ऑफिसात भावजी म्हणजे तिचा पारा चढलेला. त्याने वेळ न दवडता निकालपत्रक स्वतःच टाइप केलं, तिच्या नावासकट. निर्णय: अ मान्य. तिने ते फक्त आपल्या लॉगिनमधून परत पाठवायचं.

ती आपल्या जागेवर गेली आणि त्याचा चहा निवायच्या आत परतली.

“पाठवलंय. तुमच्याच ‘अ’मध्ये ताडून बघा. एका अक्षराचा फरक निघाला तर सोमवार कशाला, आजच फोनवर बसते.”

त्याने ताडून पाहिलं. डावीकडे त्याचं पत्रक, उजवीकडे तिचं. फरक: नाही. आली ताळ्यावर, असं मनाशी म्हणत त्याने तिचं पत्रक ग्राहकाकडे रवाना केलं.

दुपारी ग्राहकाचा फोन आला. टेस्टरचा निकाल तुम्हालाही पटलाय का, असं त्याने जरा चाचरतच विचारलं.

“शंभर टक्के. अक्षर न् अक्षर मी स्वतः तपासलंय.”

“कमाल आहे,” ग्राहक म्हणाला. “स्वतःच्याच मालाला ‘अमान्य’ लिहून इतक्या आनंदाने कळवणारी कंपनी मी पहिल्यांदाच बघतोय.”