आणखी एक जण पाण्यात

“माणूस पाण्यात!” टेहळणीवरचा नाविक ओरडला आणि मित्रदेशाच्या त्या युद्धनौकेवर धावपळ उडाली.

लेफ्टनंट प्रियदर्शिनीला हसू आलं. संयुक्त सरावातली ही खरी परीक्षा. बुडण्याचं सोंग घेणारा माणूस भारतीय नौदलाचा, वाचवायचा पाहुण्यांनी. नेमकी वेळ मुद्दामच सांगितलेली नव्हती; या तासाभरात कधीही, एवढंच ठरलं होतं. दोन्ही नौदलांमधला दुवा म्हणून ती या जहाजावर आली होती. ज्या बोईसरला ती वाढली, त्याच्या जवळचा किनारा क्षितिजावर पुसट दिसत होता.

हेलिकॉप्टर उडालं. दोर सुटला. माणसाला उचलून डेकवर आणलं, तशा टाळ्या पडल्या.

तो थरथरत होता. ओठ फुटले होते. रिकामा प्लॅस्टिकचा कॅन त्याने छातीशी कवटाळला होता.

“काय अभिनय करतोय!” कप्तान म्हणाला.

त्या माणसाने प्रियदर्शिनीचा हात धरला. “बाय, मी घिवलीचा रूपेश. होडी पलटली आमची. माजा भाव भिका अजून पान्यात हाय. त्याला बी काडा.”

शाळेत घिवलीच्या मैत्रिणी अशाच बोलायच्या. पठ्ठ्याने बोलीसुद्धा चोख उचलली होती.

“सर, हा म्हणतो आणखी एक जण आहे.”

“आराखड्यात एकच आहे. पुढे तोफांचा सराव आहे, सगळे खोळंबलेत.”

“खराखुरा बुडणारा माणूस असं म्हणाला असता, तर आपण आराखडा बघितला असता, सर?”

कप्तानाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि वैमानिकाला खूण केली.

“कुठल्या बाजूला, दादा?” तिने विचारलं.

“दक्षिनेला. वारा तिकडंच नेतो.”

एक फेरी झाली, दुसरी झाली. नुसतं पाणी. वैमानिकाने परतायची परवानगी मागितली.

“अजून एकदा,” प्रियदर्शिनी म्हणाली. “थोडं पुढे जाऊन.”

आणि लाटांमधून एक हात वर आला. फळीला बिलगलेला माणूस!

डेकवर एकच जल्लोष झाला. भिकाला खाली उतरवताच रूपेश अंगावरचं ब्लँकेट टाकून धावला. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले. नाविकांनी शिट्ट्या वाजवल्या.

कप्तानाने हसत हात पुढे केला. “दुसरा माणूस लपवून आम्हाला हरवायला निघाला होतात. पण जिंकलो आम्ही!”

“आपण जिंकलो, सर.”

तेवढ्यात रेडिओ खरखरला. भारतीय जहाजावरून आवाज आला, “उशीर झाला, माफ करा. आमचा माणूस आता पाण्यात उतरतोय.”