पाखडलेला समुद्र

"व्हेलचे आवाज सुरेख निवडलेत, हेमराजजी. आता उरलेली खरखर पाठवा," गोव्याच्या समुद्र संशोधन संस्थेतल्या मॅडम व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या.

हेमराज गोंधळला. "खरखर? ते त फेकून देली, मॅडम."

"फेकली? अहो, तीच तर हवी होती! समुद्रावर पाऊस किती पडला, वारा किती होता, ते त्या खरखरीतूनच कळतं. संध्याकाळपर्यंत आली नाही, तर काम दुसऱ्या सेंटरला जाईल."

कॉल बंद झाला.

चामोर्शीतल्या हेमराजच्या सेंटरच्या दोन खोल्यांत नऊ माणसं कानाला हेडफोन लावून बसायची आणि समुद्रात सोडलेल्या माइकचे आवाज निवडायची. समुद्र एकानंही पाहिला नव्हता. पण सारी धानाच्या घरची. दाणा ठेवायचा, कोंडा उडवायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आठ महिने त्यांनी व्हेल ठेवले, जहाजं ठेवली, आणि उरलेला समुद्र दर शनिवारी पुसून टाकला.

हेमराज सगळ्यांकडे वळला. "नऊ घरच्या चुली माह्यापायी विझतीन आता."

"रडून काऊन राह्यला गा, भाऊ?" कानावरचा हेडफोन काढत सुगंधाबाई म्हणाली. "खरखरच पायजे ना त्याइले? सुपात तांदूळ घोळला का अस्साच आवाज येते."

शेजारपाजारची सुपं गोळा झाली. दार लावलं. माइकपुढं तांदूळ घोळला गेला. कामावरची मोनाली पंख्यासमोर वर्तमानपत्र धरून वारा झाली. चार तासांचा तांदूळ कापून, जोडून, उलटासुलटा करून आठ महिन्यांचा समुद्र तयार झाला आणि संध्याकाळी गोव्याला गेला.

महिनाभर हेमराजला ताटात भात दिसला की घाम फुटायचा. शेवटी त्यानं ठरवलं, काम गेलं तर गेलं, खरं सांगून मोकळं व्हायचं. फोन लावला.

"मॅडम, त्या खरखरीचं एक सांगाचं होतं..."

"अहो, मीच करणार होते फोन! पुढची पाच वर्षं काम तुमच्याकडेच. इतकी स्वच्छ खरखर मी जन्मात ऐकली नाही."

"आइका त खरं, मॅडम! बाकीच्या सेंटरची अन् आमची एकडाव ताडून त पाहा."

"पाहिली ना! बाकी सहा सेंटरपैकी एकाचीही तुमच्याशी जुळली नाही," मॅडम खुशीत म्हणाल्या. "त्यांचीच सगळी चुकीची निघाली. कालच पुसून टाकली."