जेवणाच्या टेबलावरचं पोकलेन

"अहो, हे पोकलेन आधी टेबलावरून उचला, नाहीतर मी ताटं जमिनीवर मांडते."

"मांड," नवरा मान वर न करता म्हणाला.

ती ताटं हातात घेऊन तशीच उभी राहिली. तीन आठवडे हेच चाललं होतं. टेबलभर लोखंडाचा कीस, खिडकीत ग्रीसचा डबा, आणि तिची चांगली सुरी पत्रा कापून कापून करवतीसारखी झालेली. सासूबाई आतल्या खोलीतून रोज एकदा तरी ऐकवायच्या, "लहानपणी ह्याला एक खेळणं घेऊन दिलं नाही, त्याचे भोग आहेत हे. आता तू भोग, मी सुटले."

पण ते खेळणं नव्हतं. बावीस वर्षं त्याने खरं पोकलेन चालवलं होतं. तीन महिन्यांपूर्वी साइटवर त्याचं मशीन उजवीकडच्या गोदामावर गेलं. भिंत पडली आणि आत बसलेल्या कारकुनाचा पाय गेला. फोटोत पोकलेनच्या चाकांवरची डावी चेन निखळून पडलेली दिसत होती. "चेन निघाली आणि मशीन आपोआप भिंतीकडे ओढलं गेलं," असा जबाब त्याने त्याच संध्याकाळी लिहून दिला. त्या चेनची पिन आदल्याच आठवड्यात मिस्त्रीने बदलली होती. मिस्त्रीला घरी बसवलं. आता चौकशीचा शेवटचा दिवस तेवढा राहिला होता.

"लेखी जबाब दिलाय ना?" ती म्हणाली. "मग हा उपद्व्याप कशाला?"

"नंतर तोंडीही सांगून आलो. साहेबांना पटत नाही."

"काय पटत नाही?"

"मशीन तसं जातं कसं, ते. डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटायचं नाही त्यांना."

साहेबांना पटलं नाही तर सगळं खापर ह्याच्याच डोक्यावर फुटणार. नोकरी तर जाईलच, वर पोलीस दारात. तिने मुकाट्याने ताटं जमिनीवर मांडली.

त्या दिवसापासून ती चिडायची थांबली नाही, पण चिडता चिडता हाताखाली राबायला लागली. एका बाजूच्या चेनला चव्वेचाळीस कड्या. एक नीट बसली की दुसरी निसटायची. पिनांना लागणारी तार बाजारात मिळेना, तेव्हा तिने स्टीलच्या विणायच्या सुया आणून त्याच्यापुढे आदळल्या.

"घ्या, कापा. आता स्वेटरही नको आणि संसारही नको."

सुया तंतोतंत बसल्या. इतक्या आठवड्यांत तो पहिल्यांदा हसला.

मग मोटरींनी छळलं. भंगारातल्या गाडीच्या वायपरच्या दोन मोटरी होत्या. एक पळायची, दुसरी रेंगाळायची. पोकलेन फरशीवरून तिरकं तिरकं जाऊन सासूबाईंच्या पलंगाखाली शिरायचं. त्याने सगळं चौथ्यांदा उघडलं, तेव्हा मात्र तिचा तोल सुटला.

"जरा तिरकं गेलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"सरळच जायला हवं. आपल्या मनाने कणभर वळता कामा नये."

"तुमचं आणि त्या मशीनचं सारखंच. दोघांनाही सांगून काही उपयोग नाही."

एकदा किराणा दुकानात मिस्त्रीची बायको दिसली. तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं. घरी येऊन हिने पिशवी आपटली. "पंधरा वर्षं त्या मिस्त्रीबरोबर एका डब्यात जेवलात. त्याच्या एका पिनेपायी आपल्यावर ही वेळ आली, आणि वर तोंड तीच फिरवते!"

नवऱ्याने हातातली कानस खाली ठेवली. त्याचाही राग अनावर झाला असणार, असं तिला वाटलं.

चौकशीच्या दिवशी बॅटरीचा खोका तिने उचलला, पोकलेन त्याने. शिपायाने तिला दाराजवळच्या खुर्चीवर बसू दिलं. समोर तीन साहेब. टेबलावर वाळूने भरलेला पसरट ट्रे, आणि उजव्या कडेला लाकडी ठोकळे रचून केलेली भिंत.

"हं, दाखवा," मधले साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

पोकलेन आधी अगदी नाकासमोर चाललं. साहेब जरा सावरून बसले. मग त्याने ते मागे आणलं, डाव्या चेनची पिन चिमट्याने उपसली आणि दोन्ही लिव्हर पुढे केली. चेन सापासारखी वाळूत पडली. पोकलेन घरघरलं आणि वळलं. डावीकडे. भिंतीकडे पाठ करून.

पाच आठवडे, एवढ्या सुया, चार वेळा उघडलेल्या मोटरी, आणि ऐन वेळी हे! त्याने चेन पुन्हा चढवली, पुन्हा पिन काढली. पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदाही तेच.

"अहो, उलटं जातंय!" तिच्या तोंडून निघून गेलं. "ती वायर बघा आधी!"

शिपायाने तिला गप्प बसायची खूण केली.

"डावी चेन निघाली की मशीन डावीकडेच जातं," मधले साहेब सावकाश म्हणाले. "मग भिंत तर उजवीकडे होती. तिकडे कसं गेलं?"

नवऱ्याने दोन्ही चेन नीट चढवल्या. पिना बोटाने चाचपून पाहिल्या. मग उजवं लिव्हर सोडलं, डावं पुढे रेटलं आणि पोकलेन उजवीकडे वळवून ठोकळ्यांच्या भिंतीत घातलं.

"असं गेलं, साहेब," तो म्हणाला. "मी घातलं तसं. चेन नंतर निघाली."