लिंबासाठी खड्डा

"अहो, लिंबाचं रोप पिशवीतच वाळायला लागलंय," मी पुन्हा सांगितलं. दीड फुटाचा एक खड्डा हवा होता, आणि ह्यांनी भंगारातून आणलेली खड्डे खणायचीच चार यंत्रं आमच्या अंगणात पडली होती.

ह्यांचा नियम असा, की जुनं यंत्र आधी पूर्ण खोलायचं, घासूनपुसून जोडायचं, मगच मातीला लावायचं. चारही यंत्रं तीन आठवडे खोललेलीच होती. एकाचे नटबोल्ट माझ्या इडलीपात्रात डिझेलमध्ये भिजत होते. "मशीनने दोन मिनिटांचं काम आहे," हे रोज म्हणायचे.

शेवटी मी सासूबाईंचं गंजलेलं खुरपं काढलं आणि बसले खणायला. अर्धा खड्डा झाला तेव्हा हे मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, वरमले.

"आईचं ना हे? पातं अस्सल आहे गं," म्हणत त्यांनी खुरपं घेतलं आणि मी काही बोलायच्या आत ठोकून त्याची मूठ वेगळी केली.

उरलेला खड्डा मी उलथन्याने खणला. हे जवळून गेले की मी उलथनं पदराखाली लपवत होते.