चार गाळे, दोन सह्या

वकिलांसमोरच्या बाकावर दोघे भाऊ दोन टोकांना बसले होते. मध्ये त्यांचे वडील भार्गवराव, हातात किल्ल्यांचा जुडगा. भाड्याने दिलेले चार गाळे आज मुलांच्या नावावर करायचे होते.

“त्याला सांगा, मला रस्त्याकडचे दोन हवेत,” थोरला म्हणाला.

“दादाला म्हणावं, घे,” धाकटा वडिलांकडेच बघत म्हणाला.

अबोला धरल्यापासून दोघांचे निरोप भार्गवरावच पोचवत आले होते.

“मग दोन-दोन वाटून टाकू,” वकील म्हणाले. “भागीदारीत ठेवलेत, तर भाडेकरू बदलला की दोघांनी एकत्र बसून ठरवायचं, एकत्र येऊन सह्या करायच्या. नसता त्रास!”

जुडग्यातून किल्ल्या सोडवणारे भार्गवराव थांबले. सोडवलेल्या दोन्ही किल्ल्या त्यांनी पुन्हा कडीत ओवल्या.

“तो त्रासच करा दोघांच्या नावावर.”