एटाच्या सुपातलं पाणी

रुचाला त्या एका सहीतून तीन गोष्टी मिळणार होत्या: पुस्तक, विद्यापीठातली कायमची नोकरी, आणि ‘गाण्यांवर कसली गं पीएचडी’ म्हणणाऱ्या बाबांपासून सुटका. बाबा, म्हणजे मनोहर, शेजारीच बसले होते. ब्रुकलिनमध्ये ड्राइव्ह करायची तिची छाती होत नाही, म्हणून पिस्कॅटवेच्या घरून त्यांनीच गाडी आणली होती.

समोर चौऱ्याऐंशी वर्षांच्या मिस व्हर्ना येणाऱ्या पुस्तकाच्या कव्हरवरचा फोटो न्याहाळत होत्या. त्यांची आई, एटा. हातात डाव, कमरेला अॅप्रन. एटाची इथेच खाणावळ होती. त्रिनिदादहून बोटीने आलेली माणसं तिथे जेवायची. त्यातला एक लॉर्ड टॅमरिंड. कॅलिप्सो, म्हणजे तिकडची चिमटे काढणारी गाणी, गाणारे स्वतःला अशाच पदव्या लावतात आणि नाव घेऊन माणसांच्या टोप्या उडवतात. त्याने एटाची उडवली. ‘एटाचं सूप एवढं पातळ, की कोंबडी त्यातून नुसती पोहून गेली.’

पुढे ते गाणं सुटलंच. मायामीच्या हॉटेलातल्या बँडने त्यावर पाहुणे नाचवले. कॉलेजच्या पोरांनी गिटारवर ते रडकं केलं. लहान मुलांच्या कार्यक्रमात सुपाची खीर झाली. डबाबंद सुपाच्या जाहिरातीत तर एटाचं सूप पातळ आणि कंपनीचं घट्ट ठरलं. रुचाने एकतीस आवृत्त्या मोजल्या होत्या. एकतीसच्या एकतीस ठिकाणी एटा चिक्कू.

पुस्तकाचं नाव होतं ‘जेवू घालणाऱ्या हाताला चावणारं गाणं’. टॅमरिंड वर्षभर उधारीवर जेवला आणि वर बदनामी करून गेला, हा त्याचा गाभा. फोटोसाठी एटाच्या घरच्यांची संमती शुक्रवारपर्यंत हवी होती.

मिस व्हर्नांनी नाव वाचलं. रुचाने पेन पुढे केलं.

“तुझ्या कामाला येतंय ना, पोरी?” त्या म्हणाल्या. “एवढ्या जणांनी गायलं. दार वाजवून विचारायला आलेली तू पहिलीच. थँक यू.” आणि सही केली.

“झालं काम. निघू या,” मनोहर मराठीत पुटपुटले. “पार्किंगचा मीटर संपतोय.”

“बाबा, one minute.” रुचाने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. “मिस व्हर्ना, गाणं रेडिओवर लागलं की आई काय करायच्या? बंद करायच्या?”

“बंद? मोठ्याने लावायची! आणि संपलं की उरलेलं स्वतः म्हणायची.”

“उरलेलं?”

“शेवटचं कडवं. तबकडी तीन मिनिटांची, बाळ. हसायचं सगळं आधी होतं, तेवढ्यात ती भरली. पुढच्यांनी तबकडी ऐकूनच गायलं. त्यांना कुठून ठाऊक असणार?”

त्यांनी टेबलावर बोटांनी ताल धरला. आवाज थकलेला होता, ताल नाही.

भांडं होतं नऊ जणांचं, पंगत अठरा जणांची,
एटाने पाणी घातलं, झोप भरल्या पोटाची.
खिसा माझा रिकामा, एटा, गाणंच घे मोजून,
जग हसो सुपाला, मी उठलो पोटभर जेवून.

 रुचातली प्राध्यापिका बोलली, “याचा पुरावा काही? कागद, चिठ्ठी?”

“मी आहे की. सूप प्यायलेय मी ते.” मिस व्हर्ना हसल्या. “खरंच पातळ होतं हं.”

मनोहर खिडकीबाहेर बघत होते. मीटर कधीच संपला होता. “पुण्यात मेसला संध्याकाकूंच्या आमटीवर आम्ही रोज विनोद करायचो,” ते हळूच म्हणाले. “बुडी मारली तरी डाळ सापडत नाही म्हणायचो. चार वर्षं जेवलो. शेवटचं कडवं आमच्याकडून राहूनच गेलं गं.”

रुचाने सही केलेला कागद मिस व्हर्नांपुढे परत सरकवला. हे कडवं खरं, तर तिचं पुस्तक खोटं. आणि तिने तोंड उघडलं नसतं, तर ते कुणालाच कळलं नसतं.

“हे नाव आता चालायचं नाही,” ती म्हणाली. “पुस्तक पुन्हा लिहावं लागेल. तेव्हा सही मागायला परत येईन. चालेल?”

“ये की. पण जेवायला ये.”

“आणि तोपर्यंत नोकरी?” मनोहरांनी विचारलं.

“जाईल, बाबा.” तिने फोन जवळ सरकवला. “मिस व्हर्ना, पुन्हा एकदा म्हणाल? सावकाश?”

नोकरी गेलीच. टेक्सासहून आलेल्या एका गृहस्थांना मिळाली. पुस्तक दोन वर्षांनी निघालं, त्यात बत्तीस आवृत्त्या होत्या. हॉटेल, गिटारवाले, मुलांचा कार्यक्रम, सुपाची कंपनी: एटाच्या नावावर सगळे जेवले, तिच्या हाती एक सेंटही कुणी ठेवला नाही. तिचं बिल चुकतं केलं होतं ते फक्त त्या उधारीवाल्याने.