मदतीचं बटण

हॉस्पिटलमधली पास देणारी खिडकी बंद झाली, तिथे मशीन आलं आणि खिडकीतल्या ताईंना मशीनशेजारी एक खुर्ची मिळाली. कुणी 'मदत हवी' हे बटण दाबलं की उठायचं आणि शिकवायचं. महिन्याभरात सगळे शिकले. एक आजोबा सोडून. आजी वॉर्डात होत्या, आणि हे रोज सकाळी तेच बटण दाबून गरीब चेहरा करून उभे.

आज ताईंचा पारा चढला. हाताची घडी घालून त्या रांगेदेखत म्हणाल्या, "आजोबा, लहान लहान मुलं शिकली हो! आज मी हात लावणार नाही. तुमचं तुम्ही करा."

आजोबांनी चष्मासुद्धा न लावता चार बटणं पटापट दाबली. पास बाहेर आला.

"बघा, येतंय की! मग महिनाभर माझं डोकं का खाल्लंत?"

"येत तर पहिल्या दिवसापासून होतं, पोरी," आजोबा हळूच म्हणाले. "जन्मभर हीच मशीनं बसवत फिरलो. मदतीचं बटण किती वेळा दाबलं ते आत मोजलं जातं. आठवडाभर कुणी दाबलं नाही, की खुर्ची उचलतात."

ताईंची हाताची घडी सुटली. "मग... उद्याही दाबाल ना, आजोबा?"

आजोबांनी पास त्यांच्यापुढे धरला. रोज 'रुग्णभेट' असायचं, तिथे आज 'मृतदेह ताब्यात' असं छापलं होतं.